घोड्यावरचे वजा दोन

मापसाहेबांची दोन्ही मनगटं एकाच दुपारी कशी मोडली, हे इमारतीत प्रत्येकजण वेगळं सांगतो. शेजारचे ड्रायव्हरकाका म्हणतात, चूक घोड्याची. इमारतीचे सेक्रेटरी म्हणतात, रीतसर अर्ज न करता केलेल्या गोष्टींचं असंच होतं. स्वतः मापसाहेब या विषयावर बोलत नाहीत. बोललेच तर एवढंच म्हणतात की मनगटांचं काही नाही, मनगटं जुळतात. खरं दुखणं दुसरंच आहे, आणि ते सुरू झालं वजा दोन या एवढ्याशा आकड्यापासून.

मापसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी उभी हयात दुकानदारांचे तराजू तपासण्यात घालवली, म्हणून लोक त्यांना मापसाहेब म्हणायला लागले आणि पुढे घरचे पाहुणेसुद्धा तेच म्हणू लागले. दांडी मारणारा दुकानदार त्यांना रस्त्याच्या पलीकडून ओळखू येई. तपासणीला निघताना सरकारी वजनांची लाकडी पेटी ते दोन्ही हातांनी छातीशी धरून नेत. ही पेटी रस्त्यावर, जमिनीवर, कुठेही टेकवायची नाही असा त्यांचा स्वतःचा नियम होता, कारण धूळ लागली की वजन वाढतं. हा नियम म्हणे त्यांनी नोकरीत फक्त एकदाच मोडला, आणि तो का मोडला हे त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

निवृत्तीनंतर पेटी खात्यात जमा झाली, पण नजर घरी आली. दुधाचं माप, दवाखान्यातला वजनकाटा, स्वयंपाकघरातलं घड्याळ, सगळं त्यांना एकदा पडताळून बघायचं असे. लिफ्टमध्ये इतकी माणसं मावतात असं लिहिलेलं आहे ते कुणी मोजलं, असा प्रश्न त्यांना पडला तेव्हा त्यांनी तितकी माणसं जमवून लिफ्टमध्ये घातली होती. माणसं मावली. लिफ्ट मधेच थांबली आणि सगळ्यांना स्टूल लावून बाहेर काढावं लागलं, ही गोष्ट निराळी. मावण्याबद्दलचा मुद्दा मात्र सिद्ध झाला.

त्यांना एकुलती एक लेक. शिकलेली, नोकरी करणारी, आणि दर रविवारी दुपारी दिवाणखान्यातल्या जेवणाच्या टेबलावर मित्रमैत्रिणी जमवून एक खेळ खेळणारी. खेळ गोष्टीचा. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी म्हणतं मी दार उघडतो, कुणी म्हणतं मी भिंतीवर चढते, आणि जमलं की नाही हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. आकडा मोठा पडला तर जमलं. लेक सूत्रधार. तिची दातांची डॉक्टर असलेली मैत्रीण गोष्टीत चोर होती आणि एक ग्रंथपाल मुलगा जादूगार होता. औषधाच्या दुकानातला एकजण चौथा होता, त्याची बदली झाली. मापसाहेब इतकी वर्षं आतल्या खोलीत वर्तमानपत्र तोंडापुढे धरून हे सगळं ऐकत आले होते. वर्तमानपत्राचं पान दुपारभर उलटत नसे, हे काकूंच्या लक्षात आलेलं होतं. काकू म्हणजे मापसाहेबांच्या पत्नी. त्यांना सगळी इमारत काकू म्हणते.

लेकीला दूरच्या गावी चांगली नोकरी लागली आणि महिनाअखेरीस ती जाणार असं ठरलं. त्या रविवारी ती आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, चौथी जागा रिकामी आहे," ती म्हणाली. "मी जाईपर्यंत तुम्ही बसता?"

मापसाहेब म्हणाले, बघू. बघू म्हणणारा माणूस जेवण उरकून, इस्त्रीचा सदरा घालून, बाकीच्यांच्या कितीतरी आधी टेबलाशी येऊन बसलेला होता. काकूंनी चहाला एक कप जास्त काढला आणि तो काढताना त्यांना फार बरं वाटलं.

बसल्या बसल्या मापसाहेबांनी एक भांडं पाणी आणि मूठभर मीठ मागवलं. दातांच्या डॉक्टरला वाटलं, काकांचा घसा बसलाय. पण मापसाहेबांनी सगळ्यांचे फासे त्या खाऱ्या पाण्यात सोडले आणि बोटानं ढकलून कोणता फासा कसा फिरतो ते बघायला सुरुवात केली. सगळे फासे इमानदार निघाले. फक्त ग्रंथपालाचा हिरवा फासा कितीही ढकलला तरी वीस वर करूनच तरंगायचा. ग्रंथपाल वर्षानुवर्षं त्याला आपला नशिबाचा फासा म्हणत आला होता. मापसाहेबांनी तो पुसून बाजूला ठेवला आणि अगदी सौम्यपणे सांगितलं की यात तुमचा दोष नाही, माल खराब आहे. ग्रंथपालाचा चेहरा पडला. पुढे जे झालं त्याचं बी इथं पेरलं गेलं असं काकूंचं मत आहे, आणि काकूंचं मत सहसा चुकत नाही.

मापसाहेबांनी आपल्यासाठी एक म्हातारा सरदार निवडला. त्याच्याकडे तपकीर नावाचा घोडा होता आणि दोन्ही हातांनीच उचलावी लागेल एवढी मोठी तलवार. छोटी तलवार आणि ढालही मिळत होती, पण ती कुणालाही मिळते असं ते म्हणाले.

मग लेकीनं गोष्ट सुरू केली. एरवी घरात कामापुरतं बोलणारी ती मुलगी गोष्ट सांगताना वेगळीच होत असे. आवाज खाली आणून तिनं सांगितलं की संध्याकाळ झालीय, खाली खोल नदी आहे, नदीवर जुना दगडी पूल आहे, आणि पुलाच्या मधोमध एक अवाढव्य राक्षस बसलाय. पाठमोरा. पाय पोटाशी घेऊन. एवढं सांगून ती बापाकडे बघत थांबली.

मापसाहेब ताठ झाले. "मी दोन्ही हातांनी तलवार उपसतो आणि घोडा त्याच्यावर दामटतो."

"एकदम?" लेक म्हणाली. "त्याला काही विचारायचं नाही?"

"भर पुलात बसलेल्याला काय विचारायचं?"

ती काही बोलायच्या आत ग्रंथपालानं खाकरून घसा साफ केला. त्याला एक साधी शंका होती. दोन्ही हात तलवारीला, तर लगाम कुणाच्या हातात?

खरं म्हणजे या शंकेला कुणी किंमत दिली नसती तर गोष्ट पुढे गेली असती. पण नियमांचं पुस्तक निघालं. पुस्तक जाडजूड होतं. त्यात घोड्यांविषयी होतं, दोन हातांच्या शस्त्रांविषयी होतं, पाण्याखाली श्वास किती वेळ धरायचा तेही होतं. फक्त घोड्यावर बसून दोन हातांचं शस्त्र चालवताना काय करायचं, याविषयी अवाक्षर नव्हतं. लेकीनं पुस्तक मिटलं आणि ती म्हणाली की चालेल, मारा, मात्र जो आकडा पडेल त्यातून दोन वजा करा.

"दोन का?" मापसाहेबांनी विचारलं.

"घोडा सांभाळायचा ना. म्हणून."

"ते कळलं. पण दोनच का? तीन का नाहीत, एक का नाही? हे दोन कुणी मोजले?"

"कुणी नाही, बाबा. असेच."

असेच हा शब्द मापसाहेबांच्या नोकरीत एकाही दुकानदाराला पचला नव्हता, तो त्यांच्याच लेकीनं त्यांच्याच टेबलावर उच्चारला. त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या फाशातून, पुराव्याशिवाय दोन काढून घेतले जात होते. ते तासभर बोलले. घोडा गुडघ्यांनी चालवता येतो, पूर्वीचे स्वार तसाच चालवत असणार, असं त्यांचं म्हणणं. लेक दोनदा म्हणाली की बरं, नका करू वजा, टाका फासा. पण तोवर प्रश्न फाशाचा राहिला नव्हता. उपकार म्हणून दिलेलं माप मापसाहेबांनी कधी घेतलं नव्हतं. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले की पुढच्या रविवारपर्यंत गोष्ट इथंच थांबव, मी करून दाखवतो आणि खरा आकडा आणून देतो.

लेकीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मापसाहेबांनी तिला बघताना बघितलं आणि त्यांना वाटलं, ती मुदत नोंदवून घेतेय. या एका समजुतीची त्यांना पुढे फार लाज वाटली.

पहिला प्रयोग घरातच झाला. सोफ्याचा हात म्हणजे घोडा, पडद्याचा दांडा म्हणजे तलवार. मापसाहेब सोफ्याच्या हातावर स्वार झाले, त्यांनी दांडा दोन्ही हातांनी फिरवला, आणि कपाटाच्या काचेचं व्हायचं ते झालं. काकूंनी काचा भरता भरता विचारलं की हा वार आपण ज्याच्यावर करत होतो त्याला लागला का. मापसाहेब म्हणाले की घरात जागा अपुरी आहे, गच्ची हवी.

गच्ची म्हटल्यावर सेक्रेटरी आले. मापसाहेब स्वतः नियमाचे माणूस, त्यामुळे त्यांनी आपण होऊन अर्ज दिला. अर्जात कारण लिहायचं होतं, ते त्यांनी प्रामाणिकपणे 'घोडेस्वारीचा सराव' असं लिहिलं. सेक्रेटरींनी तो अर्ज फेटाळला, कारण गच्चीवर जनावर नेता येत नाही. मापसाहेबांनी समजावलं की जनावर नाहीच आहे. त्यावर सेक्रेटरींनी बराच विचार करून विचारलं की जनावर नाही तर स्वारी कशी, आणि अर्जात खोटी माहिती दिल्याबद्दल नवा अर्ज मागितला. नव्या अर्जात 'व्यायाम' असं लिहिलं, तर व्यायामाला पडद्याचा दांडा कशाला, हा प्रश्न आला. या अर्जाअर्जीत आठवडा खलास झाला. गच्चीवर कपडे वाळत राहिले.

ड्रायव्हरकाकांना या प्रकरणात सुरुवातीपासून अतिशय रस होता. आयुष्यभर बस चालवलेला हा माणूस, त्यामुळे चालत्या वाहनाविषयी आपल्याला विचारल्याशिवाय कुणी काही करावं हे त्यांना पटत नसे. त्यांचं म्हणणं, हात लागतच नाहीत, सगळं गुडघ्यात असतं. आपण घाटात चालत्या बसमध्ये दोन्ही हातांनी चष्मा पुसत असू, असं त्यांनी अभिमानानं सांगितलं. त्यांच्या बसमधून प्रवास केलेले दोघेतिघे तिथं उभे होते. त्यांनी नकळत एकमेकांचे हात धरले. पडद्याच्या दांड्यावर तर ड्रायव्हरकाका हसलेच. तलवारीला तलवारीचं वजन पाहिजे, ते म्हणाले, दांड्यावर घेतलेला आकडा कोण मानणार? हे म्हणणं मापसाहेबांच्या थेट काळजाला भिडलं. त्यांनी सुताराकडे जाऊन शिसवी लाकडाची, वजनाला चोख, छातीइतकी उंच तलवार करायला टाकली.

सुतारानं ती दिली नेमकी रविवारी सकाळी. लेक म्हणाली होती की प्रयोग राहू द्या, दुपारी वेळेवर या, आपण बोलून काहीतरी मार्ग काढू. मापसाहेब म्हणाले, हा काय आलोच. सुताराकडून घरी येताना ते तलवार चादरीत गुंडाळून बसमध्ये चढले. चादर आखूड होती. बसमधल्या एका बाईंना मूठ दिसली, त्यांनी वाहकाला सांगितलं, वाहकानं चौकापाशी बस थांबवली, आणि मापसाहेब आयुष्यात पहिल्यांदा पोलीसचौकीत गेले.

चौकीतला हवालदार सभ्य होता, पण त्याला सगळं क्रमानं लिहून घ्यायची सवय होती. तलवार कशाला, तर घोड्यावरून चालवायला. घोडा कुठे आहे, तर अजून मिळायचाय. चालवायची कुणावर, तर राक्षसावर. इथं हवालदारानं पेन खाली ठेवलं आणि साहेबांना बोलावलं. साहेबांनी ओळख पटवणारं कुणीतरी आणा म्हणून सांगितलं. मापसाहेबांनी घरी फोन करायचं टाळलं, कारण टेबलाशी तिघं बसलेली असणार, त्यांच्यापुढे शोभा नको. त्यांनी ड्रायव्हरकाकांना बोलावलं. ड्रायव्हरकाका आले आणि त्यांनी विचारलेलं सोडून सगळं सांगितलं. हे गृहस्थ सज्जन आहेत, लेक परगावी निघालीय, तिनं यांचे दोन कापले, तेव्हापासून हे असे झालेत.

"लेक आता कुठे आहे?" चौकीच्या साहेबांनी विचारलं.

"घरी. वाट बघतेय," मापसाहेब म्हणाले.

"मग तुम्ही इथं काय करताय?"

मापसाहेब म्हणाले की मी आलेलो नाही, मला आणलेलं आहे. उत्तर बिनतोड होतं. फक्त ते घरी सांगण्यासारखं नव्हतं. सुटका झाली तेव्हा दिवेलागण झाली होती. घरी टेबलावर फासे मांडलेले होते, बिस्किटांची बशी रिकामी होती आणि डॉक्टर नि ग्रंथपाल निघून गेले होते. तुमच्याशिवाय पूल ओलांडता येत नाही, लेक म्हणाली, तुम्हीच सगळ्यांच्या पुढे उभे आहात ना. ती रागावली नव्हती. तिनं तलवार हातात घेऊन बघितली, छान झालीय म्हणाली आणि दाराआड उभी करून ठेवली. रागावली असती तर मापसाहेब कदाचित भानावर आले असते. छान झालीय म्हटल्यावर त्यांना वाटलं, आपण योग्य रस्त्यावर आहोत.

आता राहिला घोडा. गावाबाहेर एक घोडेस्वारी शिकवण्याची जागा होती. तिथल्या मास्तरांनी पहिल्यांदा वयाची अडचण काढली, मग प्रकृती ठणठणीत असल्याचा डॉक्टरी दाखला मागितला. नेहमीच्या डॉक्टरांकडे जायची सोय नव्हती, कारण त्यांच्या वजनकाट्याबद्दल मापसाहेबांनी पूर्वीच तक्रार केलेली. म्हणून ते लेकीच्या मैत्रिणीकडे गेले. तिनं त्यांना खुर्चीत बसवलं, तपासलं आणि सरळ मनानं लिहून दिलं की यांचे दात उत्तम आहेत. दाखला देताना ती म्हणाली, "काका, त्यापेक्षा रविवारी खेळायला बसा ना. तिला बरं वाटेल." मापसाहेब म्हणाले की बसायचंच आहे, म्हणून तर ही धावपळ. मास्तरांनी दाखला उलटसुलट करून बघितला आणि मान्य केला. घोडा घेतानाही आम्ही दातच बघतो, ते म्हणाले.

वेळ मिळाली ती पुन्हा रविवारचीच. इतर दिवशी तिथं शाळेची मुलं शिकायला येत. निघताना काकू दारात उभ्या राहिल्या.

"ती जाणार आहे हो," त्या म्हणाल्या. "तलवार कुठं जात नाही."

"चहाच्या वेळेला परत येतो. आकडा घेऊनच येतो." असं म्हणून मापसाहेब निघाले. हातात तलवार असल्यामुळे त्यांना लेकीकडे बघून हात हलवता आला नाही. ती टेबल पुसत होती.

घोड्याचं नाव होतं होयबा. वयस्कर, शांत, आणि काहीही म्हटलं तरी मान हलवणारा. रिंगणाला फेऱ्या मारायच्या आणि कोपऱ्यातल्या हौदापाशी दर फेरीला थांबून पाणी प्यायचं, एवढाच त्याचा दिनक्रम. मास्तरांनी ही हौदाची गोष्ट सांगितली होती की नाही यावर वाद आहे. मास्तर म्हणतात सांगितली. मापसाहेबांचं तेव्हा लक्ष राक्षसाकडे होतं, म्हणजे झाडाला टांगलेल्या भुशाच्या पोत्याकडे. साक्षीदार म्हणून आलेले ड्रायव्हरकाका कुंपणाशी उभे होते.

पहिली फेरी लगाम धरून झाली. दुसऱ्या फेरीला मापसाहेबांनी लगाम सोडला, गुडघे आवळले आणि तलवार दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. घोडा चालत राहिला. काही क्षण, अगदी थोडे, पण ते होते, मापसाहेब कशालाही न धरता घोड्यावर बसलेले होते आणि पडत नव्हते. इतकं हलकं त्यांना पेटी जमा केल्यापासून कधी वाटलं नव्हतं. त्यांनी वार केला. तो पोत्याला लागला, भुसा उडाला. त्यांनी विजयानं कुंपणाकडे बघितलं. ड्रायव्हरकाका पाठ करून मास्तरांना घाटात क्लच कसा दाबायचा ते समजावत होते. आणि तेवढ्यात हौद आला. होयबा थांबला आणि त्यानं पाणी प्यायला मान खाली घातली. मापसाहेबांना धरायला काही नव्हतं. ते घोड्याच्या मानेवरून घसरगुंडीवरून यावे तसे सरळ खाली आले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे टेकवले.

दवाखान्यात लेक आली तेव्हा तिच्या पर्समध्ये फासे होते. टेबलावरून तशीच उठून आली होती. तिनं डॉक्टरांना सगळं विचारून घेतलं, औषधं आणली, बापाच्या तोंडात चमच्यानं चहा घातला. मापसाहेब सांगत होते की जमलं होतं, वार लागला होता, हौद मधे आला नसता तर. ती प्रत्येक वाक्याला हं म्हणत होती. पलंगाशेजारी काकू बसल्या होत्या. त्या त्यांच्या सदऱ्याला चिकटलेला भुसा वेचत होत्या, आणि ते मापसाहेबांना सगळ्यात जास्त लागलं.

त्यानंतरचा रविवार शेवटचा. त्या दिवशी टेबलावर खोकी होती. डॉक्टर आणि ग्रंथपाल निरोप द्यायला आले, उभ्याउभ्याच बोलले. ग्रंथपालानं मापसाहेबांची क्षमा मागितली, लगामाचं आपण काढायला नको होतं म्हणाला. मापसाहेबांना वाटलं, माफी आपण मागायला हवी. पण तेवढ्यात त्यांना वेगळंच सुचलं. ते लेकीला म्हणाले की खोकी सरकव, आपण पटकन तो पूल उरकून टाकू. माझा फासा तू टाक, आणि दोनच काय, चार वजा कर.

"गोष्ट पटकन नाही होत, बाबा," ती म्हणाली आणि फाशांची पिशवी कपड्यांत ठेवली.

ती निघाली तेव्हा सामान खाली न्यायला सेक्रेटरींपासून सगळे आले. फक्त मापसाहेबांना एक पिशवीसुद्धा उचलता येईना. टॅक्सीपाशी ती वाकून पाया पडली. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, तो प्लॅस्टरचा असल्यामुळे जरा जोरातच लागला. ती हसली आणि डोकं चोळत आत बसली.

"तुझे वजा दोन बरोबर होते," ते खिडकीशी वाकून म्हणाले. "थोडे कमीच होते."

"मी ते तोंडाला आलं म्हणून बोलले होते, बाबा. मला कुठं काय माहीत होतं."

टॅक्सी गेली. मापसाहेब बराच वेळ फाटकाशी उभे राहिले. प्लॅस्टर घातलेले हात पुढे धरून उभे असलेले ते कशाची तरी वाट बघत असल्यासारखे दिसत होते, म्हणून ड्रायव्हरकाकांनी त्यांना रिक्षा हवी का विचारलं.

प्लॅस्टर निघालं. मनगटं जुळली. रविवार मात्र यायचे थांबले नाहीत. टेबल मोकळं असे आणि मापसाहेब आतल्या खोलीत न जाता तिथंच वर्तमानपत्र घेऊन बसत. लेकीचा फोन कामाच्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत येई. जेवलीस का, जेवले, पाऊस आहे का, नाही, एवढ्यावर तो संपे. एकदा मात्र काकूंचं बोलणं झाल्यावर त्यांनी फोन घेतला आणि बऱ्याच दिवसांपासून घशाशी आलेलं विचारलं.

"तो राक्षस पुलावर का बसला होता गं?"

"त्याला भीती वाटत होती," लेक म्हणाली. "अर्ध्यात आला आणि खाली पाणी दिसलं. पुढे जाववेना, मागे फिरवेना. म्हणून बसला."

"मग? त्याला मारायचं कसं होतं?"

"मारायचं नव्हतंच, बाबा. घोड्यावरून उतरायचं आणि त्याला हात द्यायचा. फासासुद्धा टाकायचा नव्हता. मला वाटलं, तुम्ही ओळखाल. मी लहान असताना रस्त्यावरच्या त्या उंच लोखंडी पुलावर मधेच बसले होते ना? खाली गाड्या दिसल्या म्हणून. तुम्ही कामावरून येत होता. तुमची ती पेटी पुलावरच खाली ठेवलीत आणि मला हात धरून पलीकडे नेलंत."

मापसाहेबांना आठवलं. लोखंडी पत्र्यावर पेटी टेकवल्याचा आवाजसुद्धा आठवला. पलीकडे पोहोचल्यावर आपण पेटी घ्यायला धावत परत गेलो होतो, आणि धूळ लागली म्हणून संध्याकाळभर एकेक वजन पुसत बसलो होतो, तेही आठवलं. पोर तेव्हा शेजारी बसून होती. तिच्याशी आपण काय बोललो ते काही आठवेना. त्यांना रडू आलं, आणि फोनवर ते ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी घसा साफ केला.

"ऐक," ते म्हणाले. "मी घोड्यावरून उतरतो."

मापसाहेबांनी फोन एका हातात घेऊन दुसरा मोकळा केला.

"तलवार खाली ठेवतो. पुलावर जातो. हात पुढे करतो."

पलीकडून आवाज आला. तो रोजचा नव्हता, टेबलावरचा होता, खाली आणलेला. "राक्षस मान वळवून तुमच्याकडे बघतो," ती म्हणाली.

मापसाहेब पुढचं ऐकायला सरसावून बसले. पण तिकडे कुणीतरी तिला हाक मारली, तिची सुट्टी संपली होती. ठेवते बाबा, म्हणाली आणि फोन बंद झाला.

काकू स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. मापसाहेब टेबलाशी एक हात पुढे धरून बसलेले होते.

"काय म्हणाली?" काकूंनी विचारलं.

"त्यानं बघितलं," मापसाहेब म्हणाले.